जुन्या दुचाकींसाठी ई-१० मिळावे, पंपावर मिश्रणाचे प्रमाण लिहावे

प्रति,
मा. मंत्री, पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्रालय, भारत सरकार
मा. मंत्री, अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग, महाराष्ट्र शासन
मा. विभागीय अधिकारी, सार्वजनिक क्षेत्रातील तेल कंपन्या
मा. जिल्हाधिकारी, सांगली

विषय: वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या दुचाकी व लहान इंजिनांच्या मालकांवर पडणारा भार आणि त्यावरील उपायांबाबत

महोदय,

सांगली जिल्ह्यात दुचाकी दुरुस्तीची गॅरेज चालवणाऱ्या मिस्त्रींची ही संघटना आपल्यापुढे हे मागणीपत्र ठेवत आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळून विकण्याचे प्रायोगिक प्रकल्प देशात २००१ मध्ये तीन ठिकाणी सुरू झाले. त्यांतले एक ठिकाण आमचे मिरज. दुसरे मनमाड, आणि तिसरे उत्तर प्रदेशात बरेलीजवळचे आंवला. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत आणि चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्क्यांचे मिश्रण सुरू झाले. त्यानंतर बरीच वर्षे ही योजना रखडत चालली. २०१३-१४ मध्ये देशाची सरासरी जेमतेम दीड टक्का होती. जून २०२२ मध्ये ती दहा टक्क्यांवर (ई-१०) पोहोचली आणि २०२५ मध्ये वीसवर (ई-२०). २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात वीस टक्क्यांसाठी २०३० हे साल धरले होते, ते २०२२ मध्ये अलीकडे ओढून २०२५-२६ केले गेले. पहिले दहा टक्के गाठायला वीस वर्षे लागली, पुढचे दहा तीन वर्षांत आले. या तीन वर्षांत रस्त्यावरच्या गाड्या मात्र बहुतेक त्याच राहिल्या. आमच्याकडे येणारी मोटारसायकल दहा-बारा वर्षांची असणे ही रोजची गोष्ट आहे, आणि तिचा मालक ती आणखी पाच-सात वर्षे चालवणार असतो.

आम्ही इथेनॉलच्या विरोधात नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. आमचे गिऱ्हाईक ऊस पिकवते. कारखान्याची डिस्टिलरी चालली तर उसाचे बिल वेळेवर निघण्याची शक्यता वाढते, आणि बिल निघाले की गॅरेजची उधारीही फिटते. कच्चे तेल परदेशातून विकत घेण्यापेक्षा तो पैसा वाळवा, पलूस, कडेगावच्या शेतकऱ्याच्या हाती गेलेला आम्हाला हवाच आहे. २०१४-१५ पासून या योजनेने १ लाख ४४ हजार कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन वाचले, असे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. त्याबद्दल आम्हाला समाधानच आहे. आमचे म्हणणे एवढेच आहे की या बचतीची किंमत जुनी गाडी चालवणाऱ्या माणसाकडून, त्याला न सांगता, वसूल होत आहे. तो भार कोणी आणि कसा उचलायचा, हे सरकारने ठरवावे.

इथेनॉलचे गुण आमच्या कामातही दिसतात. त्याचा ऑक्टेन आकडा मंत्रालयाच्याच निवेदनानुसार सुमारे १०८.५ आहे, नुसत्या पेट्रोलचा ८४.४. त्यामुळे चढाला इंजिनाचे ठोकणे, म्हणजे नॉकिंग, कमी होते. इथेनॉलमध्ये वजनाने तिसऱ्या हिश्शाहून जास्त प्राणवायू असतो, म्हणून ज्वलन अधिक पूर्ण होते. नीती आयोगाने जून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात ई-२० मुळे दुचाकींच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड निम्म्यापर्यंत आणि चारचाकींचा तीस टक्क्यांपर्यंत कमी होत असल्याचे नोंदवले आहे. ट्यूनिंग करताना दिवसभर धुरात उभे राहणाऱ्या मिस्त्रीला या आकड्याचे मोल कोणी समजावून सांगायला नको. थोडीफार ओल टाकीत असेल तर इथेनॉल ती स्वतःत सामावून घेते आणि ती इंजिनातून जळून निघून जाते, हाही फायदाच. ई-२० साठी घडवलेल्या, इंजेक्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असलेल्या नव्या गाडीला या इंधनाचा त्रास नाही, असेच आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो.

अडचण जुन्या गाडीची आहे, आणि ती तीन प्रकारची आहे.

पहिली अडचण कार्बोरेटरची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि दुचाकींत इंजेक्शन आले. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांना कार्बोरेटर आहे. नुसते पेट्रोल पूर्ण जळायला एका किलोला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला ९ किलो पुरते. वीस टक्के मिश्रणाला ती साधारण साडेतेरा किलो लागते. सेन्सरवाली गाडी हे ओळखून इंधन वाढवते. कार्बोरेटरच्या जेटचे भोक मात्र ठरलेले असते. त्यातून पूर्वीएवढेच इंधन येते, हवाही पूर्वीएवढीच येते, आणि मिश्रण गरजेपेक्षा पातळ होते. मग सकाळी चोक ओढूनही किक मारत बसावे लागते, इंजिन तापेपर्यंत मिसिंग राहते, ॲक्सिलरेटर पिळला की गाडी क्षणभर दम खाते. यावर उपाय आहे: आयडलचा स्क्रू नीट लावणे, गरज असेल तर एक नंबर मोठा जेट टाकणे. पण कोणत्या मॉडेलला कोणता जेट, हे कंपनीने सांगायला हवे. ते कोणी सांगत नाही. प्रत्येक मिस्त्री आपल्या अंदाजाने जेट टाकतो, आणि अंदाज चुकून जेट जास्त मोठा पडला की ॲव्हरेजही जाते व पीयूसीही.

दुसरी अडचण रबराची आणि टाकीची. जुन्या गाड्यांतले पेट्रोल पाइप, कॉकमधले वायसर, फ्लोट बाउलची ओ-रिंग, नीडलच्या टोकाचे रबर या सगळ्या गिऱ्हाईक लक्षातही ठेवत नाही इतक्या स्वस्त वस्तू. इथेनॉलने साधे रबर फुगते, मऊ पडते, नंतर वाळून चिरते. नीडल नीट बसत नाही, कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो, पेट्रोल इंजिनावर गळते. त्यातून आगीचा धोका आहे, म्हणून आम्ही ही गोष्ट किरकोळ समजत नाही. इथेनॉल चांगले विद्रावकही आहे. जुन्या टाकीत वर्षानुवर्षे बसलेला थर ते सोडवते आणि तो जाऊन फिल्टर व पायलट जेट बुजवतो. जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ च्या निवेदनात मान्य केले आहे, आणि हे काम स्वस्त असून नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होते असेही म्हटले आहे. भाग स्वस्त आहेत हे खरे. पण इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे सुटे भाग जुन्या मॉडेलसाठी तालुक्याच्या बाजारात मिळत नाहीत. मिळतात ते पूर्वीच्याच साध्या रबराचे, आणि सहा-आठ महिन्यांत गाडी त्याच तक्रारीसाठी परत येते.

तिसरी अडचण पाण्याची, आणि आमच्या जिल्ह्यात ती सर्वांत मोठी. पूर्वी पेट्रोलमध्ये पाणी गेले तर ते तळाला वेगळे राहायचे. बाउलचा ड्रेन स्क्रू सोडला की पाणी निघून जायचे, काम दहा मिनिटांचे. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल थोडे पाणी पोटात घेते. ई-२० तर ई-१० पेक्षा जास्त घेते. मात्र एकदा मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी जाडसर थर बसतो. थंडीत ही मर्यादा आणखी खाली येते. हा थर जळत नाही, धातू गंजवतो, आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरलेला असतो. मग ड्रेन स्क्रू सोडून भागत नाही. टाकी उतरवून पूर्ण रिकामी करावी लागते, कार्बोरेटर खोलावा लागतो, कधी टाकीच बदलावी लागते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत कृष्णाकाठचा किती भाग पाण्याखाली गेला, हे जिल्हाधिकारी कार्यालयाला सांगण्याची गरज नाही. पेट्रोल पंपाच्या टाक्या जमिनीखालीच असतात. त्या दोन्ही पुरांच्या वेळी मिश्रण दहा टक्क्यांच्या आत होते. यापुढे पूर येईल तेव्हा प्रत्येक टाकीत वीस टक्के असेल.

उभ्या राहणाऱ्या गाड्यांचेही असेच. खानापूर, आटपाडी, विटा भागातले गलाई (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातले लोक वर्षातले कित्येक महिने दूरच्या राज्यांत असतात. त्यांची मोटारसायकल गावी झाकून ठेवलेली असते. तासगावच्या द्राक्षबागायतदाराचा पेट्रोलवरचा फवारणी पंप हंगाम संपला की शेडमध्ये जातो. ग्रासकटर, छोटा जनरेटर यांचेही तेच. या लहान इंजिनांच्या कार्बोरेटरमध्ये पातळ पडदा असतो, तो कडक झाला की पंप इंधन ओढत नाही. अमेरिकेत अशी बागकामाची व शेतीची लहान उपकरणे साधारणपणे दहा टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणासाठीच बनवलेली असतात, आणि तिथे पंधरा टक्क्यांचे इंधन मोटारसायकलमध्ये भरायलाही परवानगी नाही. आपल्याकडे ई-२० ची सगळी चर्चा मोटारगाडीभोवती झाली. फवारणी पंपाचा विचार कुठे झाल्याचे आम्हाला दिसले नाही.

आता ॲव्हरेज. यावर इतके उलटसुलट बोलले गेले आहे की आम्ही हिशोबच मांडतो. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. म्हणजे नुसत्या पेट्रोलच्या तुलनेत ई-२० मध्ये सुमारे सात टक्के आणि ई-१० च्या तुलनेत साडेतीन टक्के ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या आराखड्यातले आकडे याच्याशी जुळतात: जुन्या रचनेच्या, ई-१० ला बसवलेल्या दुचाकींत तीन ते चार टक्के घट, तशाच चारचाकींत सहा ते सात टक्के. ‘अर्धे ॲव्हरेज गेले’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही सांगतो की त्याचा दोष इथेनॉलला देऊ नका, क्लचप्लेट आणि टायरमधली हवा तपासा. पण तीन-चार टक्क्यांची घट खरी आहे, आणि ती गरीब माणसाच्या खिशातून जाते. साठचे ॲव्हरेज देणारी गाडी रोज ऐंशी किलोमीटर चालवणारा दूधवाला किंवा घरपोच माल पोहोचवणारा मुलगा धरा. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर त्याला चौदा-पंधरा लिटर पेट्रोल जास्त लागते. लिटरचा भाव शंभराच्या वर असताना हे दीड हजार रुपये झाले. वर सांगितलेला दुरुस्तीचा खर्च वेगळाच.

नीती आयोगाच्या याच आराखड्यात दोन उपाय सुचवले होते. ऊर्जा कमी असल्याने मिश्रित इंधनाचा किरकोळ भाव साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावा, आणि जुन्या गाड्यांसाठी ई-१० हे संरक्षक इंधन म्हणून उपलब्ध राहावे. भावाबद्दल मंत्रालयाचे उत्तर असे की आराखडा लिहिला तेव्हा इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त होते. जुलै २०२५ अखेर मात्र त्याचा सरासरी खरेदी भाव वाहतूक व जीएसटी धरून लिटरला ७१ रुपये ३२ पैसे होता, म्हणून भाव कमी करता येत नाही. हे उत्तर प्रामाणिक आहे, पण अपुरे आहे. इथेनॉलला चांगला भाव दिला तो शेतकऱ्यासाठी, आणि तो दिलाच पाहिजे. तो भाव सरकारचे धोरण म्हणून दिला जात असेल तर त्याचा भार सरकारी तिजोरीने उचलावा. तो दूधवाल्याच्या टाकीतून का निघावा?

विनामिश्रित पेट्रोलचा पर्याय मागणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. तो निर्णय आम्हाला मान्य आहे, आणि आम्ही विनामिश्रित पेट्रोल मागतही नाही. सरकारच्याच आराखड्याने सुचवलेले ई-१० मागतो. हा मार्ग जगात इतरत्र रुळलेला आहे. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये नेहमीचे पेट्रोल ई-१० केले, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी महागड्या दर्जाच्या पेट्रोलमध्ये ई-५ ठेवले. ब्राझीलचे उदाहरण आपल्याकडे नेहमी दिले जाते, आणि तिथे ऑगस्ट २०२५ पासून तीस टक्के मिश्रण आहे हे खरे. पण तिथल्या इथेनॉलची परंपरा सत्तरच्या दशकापासूनची आहे, कोणत्याही मिश्रणावर चालणाऱ्या गाड्या २००३ पासून बाजारात आहेत, आणि पंपावर इथेनॉल वेगळ्या भावाने स्वतंत्र मिळते. गाडीवाला दोन भाव बघून ठरवतो. आपल्याकडे त्याला ठरवायला काहीच ठेवलेले नाही.

या सर्व कारणांसाठी आमच्या मागण्या अशा आहेत.

पहिली आणि मुख्य मागणी: प्रत्येक तालुक्यात निदान दोन पंपांवर ई-१० कायम उपलब्ध असावे, आणि महापुराच्या पट्ट्यातल्या तालुक्यांत जून ते ऑक्टोबर या काळात त्याहून जास्त ठिकाणी. त्यासाठी वेगळी टाकी व वेगळा नोझल लागेल, पंपमालकाचा खर्च वाढेल, हे आम्ही जाणतो. अनेक पंपांवर महागड्या दर्जाच्या पेट्रोलसाठी आधीच वेगळी टाकी आहे. सुरुवात तिथून करता येईल. मात्र ई-१० चा भाव महागड्या पेट्रोलचा लावू नये. ज्याच्याकडे जुनी गाडी आहे त्याच्याकडेच सर्वांत कमी पैसे आहेत. ई-२० साठी न घडवलेल्या, एप्रिल २०२३ पूर्वीच्या दुचाकी रस्त्यावरून बऱ्याच अंशी कमी होईपर्यंत ही व्यवस्था चालू राहावी. तोवर मिश्रण वीस टक्क्यांच्या पुढे नेण्याचा निर्णय दुचाकींसाठी घेऊ नये.

दुसरी मागणी खर्चाविना पूर्ण होण्यासारखी आहे. प्रत्येक नोझलवर इथेनॉलचे प्रमाण मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहावे. युरोपात पंपावर आणि गाडीच्या टाकीच्या झाकणावर एकच गोल खूण असते, ती जुळवली की झाले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०२० च्या मसुद्यात, गाडी कोणत्या मिश्रणाला चालेल याचे स्टिकर उत्पादकाने गाडीवर लावावे असे म्हटले होते. नव्या गाड्यांचे सोडा. जुन्या गाड्यांसाठी प्रत्येक उत्पादकाने मॉडेल आणि उत्पादनवर्षानुसार यादी जाहीर करावी, ती आरटीओ कार्यालयात व पंपावर लावावी. हातातल्या मॅन्युअलमध्ये दहा टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणाचेच इंधन वापरा असे छापलेले असताना वॉरंटी व विम्याचे काय, याचे उत्तर तोंडी वा समाजमाध्यमावर नको, उत्पादकाच्या सहीशिक्क्याने लेखी हवे.

पाण्याबद्दल: पंपाच्या भूमिगत टाकीत पाणी आहे का, हे इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी योग्य असलेली पेस्ट डिपरॉडला लावून पावसाळ्यात रोज तपासावे आणि नोंद ग्राहकाला दिसेल अशी ठेवावी. आज ग्राहकाला फिल्टर पेपर, घनता आणि पाच लिटरच्या मापाची तपासणी मागता येते. त्यात काचेच्या मापनळीची भर घालावी. नळीत ठरावीक पाणी घेऊन त्यावर पेट्रोल ओतले व हलवले की इथेनॉल पाण्यात उतरते. पाण्याची पातळी किती वाढली त्यावरून मिश्रणाचा अंदाज येतो. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, आणि भांडणे निम्म्यावर आणील. पूर ओसरल्यावर पाण्यात गेलेल्या प्रत्येक पंपाची टाकी रिकामी करून, तपासून, प्रमाणपत्र लावल्याशिवाय विक्री सुरू होऊ देऊ नये. दूषित इंधनाने गाडी बंद पडल्याचे सिद्ध झाल्यास टाकी साफ करण्याचा खर्च तेल कंपनीने द्यावा, आणि हे तालुका पातळीवर, तहसील कार्यालयातच निकाली निघावे. आठशे रुपयांच्या कामासाठी कोणी ग्राहक आयोगात जात नाही.

भावाबाबत आमची मागणी राज्य शासनाकडे आहे. ऊर्जेतली साडेतीन टक्क्यांची तूट आजच्या भावाने लिटरमागे साधारण साडेतीन रुपये होते. राज्याच्या मूल्यवर्धित करातून निदान इथेनॉलच्या हिश्शावरचा कर कमी करून ही तूट अंशतः भरून द्यावी.

सुटे भाग आणि प्रशिक्षण यांची मागणी आम्ही आमच्या धंद्याच्या नात्याने करतो. इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचा संच, म्हणजे पाइप, कॉकचे वायसर, ओ-रिंग, नीडल आणि फिल्टर, जुन्या कार्बोरेटर मॉडेलसाठी उत्पादकांनी ठरावीक किमतीत तालुक्याच्या बाजारात आणावा, त्यावर खूण छापावी, आणि योग्य जेटचा आकडा त्यासोबत द्यावा. जिल्ह्यातल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मिस्त्रींसाठी दोन दिवसांचे मोफत वर्ग घ्यावेत. बाजारात ‘इथेनॉल मारणारे’ म्हणून बाटल्या विकल्या जातात. कोणतेही औषध पेट्रोलमधून इथेनॉल काढू शकत नाही, आणि अशा दाव्यांवर अन्न व नागरी पुरवठा विभागाने कारवाई करावी. आमच्या सभासदांना या बाटल्या न विकण्याची सूचना संघटनेने दिलेली आहे.

शेवटची मागणी चाचण्यांची. एक लाख किलोमीटरपर्यंतच्या चाचण्यांत गाड्यांच्या ताकदीत किंवा इंधनखर्चात लक्षणीय फरक आढळला नाही, असे मंत्रालय सांगते. आम्ही ते नाकारत नाही. पण ते मॉडेलनिहाय, मराठीत, सर्वांना वाचता येईल असे प्रसिद्ध व्हावे. शिवाय सतत चालणारी गाडी ही ई-२० ची सोपी परीक्षा आहे, कारण टाकीतले इंधन रोज बदलते. अवघड परीक्षा आहे ती पावसाळाभर उभ्या असलेल्या दहा-पंधरा वर्षांच्या गाडीची. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने अशा गाड्यांवर आणि फवारणी पंपांवर, कृष्णाकाठच्या दमट हवेत, एक पूर्ण पावसाळा चाचणी घ्यावी. त्यासाठी जुन्या गाड्या, जागा आणि नोंदी ठेवणारी माणसे आमची संघटना विनामूल्य देईल. निष्कर्ष आमच्या म्हणण्याविरुद्ध गेले तरी ते आम्ही प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लावू.

वरील मागण्यांवर चर्चेसाठी जिल्हाधिकाऱ्यांनी तेल कंपन्यांचे अधिकारी, पंपमालक, साखर कारखान्यांचे प्रतिनिधी आणि आमची संघटना यांची एकत्र बैठक तीस दिवसांच्या आत बोलवावी, ही विनंती. बैठकीपूर्वी जिल्ह्यातल्या कोणत्या पंपांवर आज किती टक्के मिश्रण विकले जाते आणि २०२१ च्या पुरानंतर कोणत्या टाक्या तपासल्या गेल्या, याची लेखी माहिती आम्हाला मिळावी. पहिल्या मागणीबाबत, म्हणजे ई-१० बाबत, जूनमध्ये पाऊस सुरू होण्याआधी निर्णय व्हावा.

आपले,
अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य
सांगली जिल्ह्यातील दुचाकी गॅरेजचालक व मिस्त्री